अळीला सवय होत नसते

शहाद्यात कपाशीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘बोंडअळीला आता बीटीची सवय झाली.’ सवय कुणालाही झालेली नाही. बीटीचं विष पोटात गेलेली अळी मरते, धडा शिकून पुढच्या हंगामात परत येत नाही. पण असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच ते विष पचवणारी निघते. बाकीच्या मेल्या की सगळं शेत तिचं. तिची पिलावळ तिच्याच वळणाची. डार्विननं 1859 मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. ती पाहायला गालापागोसला जायला नको, गोमाईकाठची पऱ्हाटी पुरे.

उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, असं आपल्या डोक्यात बसलंय. शेंदरी बोंडअळीला दहाही लागली नाहीत. बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली 2002 मध्ये. 2010 मध्ये, गुजरातेत अळी विष बनवणाऱ्या पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे बियाण्याच्या कंपनीनंच जाहीर केलं. 2006 मध्ये आलेलं दोन जनुकांचं वाणही पुढे हरलं आणि 2017 च्या खरिपात महाराष्ट्रभर बोंडं पोखरली गेली. आधी डोमकळी दिसते: पाकळ्या आतून बांधल्यासारख्या, न उमललेलं फूल. नंतरचं हिरवं बोंड वरून अगदी निर्दोष. फोडावं तर आत गुलाबी अळी, किडकी सरकी आणि कवडी कापूस. अळी आत शिरली की फवारणीचा पैसा वाया. (आपली जुनीच शेजारीण ही, तिची पहिली शास्त्रीय नोंद 1840 च्या दशकातली, भडोचच्या कपाशीवरची.)

बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचं 120 ग्रॅम बियाणं यायचं, आठवतं? अनेकांनी ते लावलंच नाही. साध्या कपाशीवर नेहमीच्या अळ्या जगू द्यायच्या, त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी संकर झाला की पिलावळ बहुतांशी पुन्हा बीटीवर मरते, असा तो हिशेब. पण अळीसाठी चार ओळी सोडा, हे शेतकऱ्याला नीट समजावलं कुणी? बियाणं विकलं, विचार पाकिटातच राहिला. त्यामुळे सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे असे पट्टे नेटानं राखले, पुढे वांझ पतंगही सोडले गेले. 2018 मध्ये त्या देशाच्या कपाशीतून ही अळी संपल्याची घोषणा झाली.

या अळीचं एक दुबळेपण आहे. हिरवी बोंडअळी हरभऱ्यावर, तुरीवर पोट भरते. हिची सारी भिस्त कपाशीवर. कपाशी नाही तर ती नाही. आणि आपण? विहिरीला पाणी आहे म्हणून फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपला तरी तीच कपाशी पुढे चालवतो, पऱ्हाट्या बांधावर रचतो, मे महिन्यात पुन्हा लागवड करतो. तिची उपासमार व्हायची वेळ आली की आपणच ताट वाढतो.

तेव्हा डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदडीचा मोह सोडा, जूनआधी सरकी टोबू नका. एकट्यानं करून भागणार नाही. पतंग बांध ओळखत नाहीत; निर्णय सगळ्या शिवारानं मिळून घ्या.