टॅबवरची रेघ म्हणजे लाइनआउट नव्हे!

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत नव्या गटाराचं लाइनआउट झालं. झालं म्हणजे काय, तर साहेब आले, टॅब काढला, रस्त्याचा फोटो घेतला आणि त्यावर बोटाने तांबडी रेघ ओढली. "असं न्या." मिस्त्रीने मान डोलावली. पाच मिनिटांत साहेब परत गाडीत. टेप नाही, दोरी नाही, फक्की नाही.

मी विचारलं, मंजूर नकाशात गटार सरळ आहे, मग इथे वळण कशाला? उत्तर आलं, "साइट कंडिशन." हे वळण कोणाच्या वाढीव ओट्याला वळसा घालतं, ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, पत्रकार तंत्रज्ञानाच्या विरोधात. अजिबात नाही. पूर्वी साइटवर घड्या पडून फाटलेला जुना नकाशा असायचा आणि सुधारित नकाशा ऑफिसात. टॅबमुळे ताजा नकाशा थेट खड्ड्यापाशी येतो, जागेवरची अडचण लगेच काढून दाखवता येते. चांगलंच आहे. पण स्केच हा संवाद आहे, मोजमाप नाही.

फोटोत जवळचा फूट मोठा दिसतो, लांबचा लहान. त्यावरच्या रेघेवरून अंतर कसं काढणार? टॅबचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि आपलं गटार दोन फुटांचं! उतार तर बोटाच्या रेघेत दिसतच नाही. ३० मीटर गटाराला १०० ला १ उतार द्यायचा तर दुसरं टोक ३० सेंटिमीटर खाली हवं. ते लेव्हल मशीन सांगेल, नाहीतर गवंड्याची पाण्याची नळी. उतार चुकला की पावसाळ्यात पाणी शेवटच्या घरात शिरणार. त्या घरात टॅब नाही, म्हातारी माणसं आहेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कागदावर खाडाखोड दिसते. टॅबवरची रेघ पुसली की पुसली. खोदाई एका रेघेवर आणि एमबीत मोजमाप दुसऱ्या रेघेचं, असं झालं तर धरणार कोणाला?

म्हणून मागणी साधी आहे. स्केचवर पक्क्या खुणेपासूनची मापं लिहा. तारीख आणि सहीसह पीडीएफ जतन करा, जुनी प्रत पुसू नका. छापून कामाच्या फलकावर लावा. आधी टेप, दोरी, लेव्हल आणि फक्की, मगच जेसीबी.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदसुद्धा 'अभिलेख'च आहे आणि चालू कामाची पाहणी करण्याचाही हक्क आहे. १० रुपयांचा स्टॅम्प लागतो, बस्स. सोमवारी मी अर्ज टाकतोय. गल्लीकरांनो, तुम्हीही टाका. एकट्याचा अर्ज फायलीत दबतो, वीस जणांचा दाबायला जड जातो.