कुत्र्याला कोकण दाखवणारे

सध्या आमच्या ऑफिसात एक नवीनच फॅड आलंय. तीन दिवसांचा जोडून विकांत मिळाला की कुटुंबासकट कुत्राही कोकणात! पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, पुढे मुंबई-गोवा महामार्ग आणि थेट गुहागर. मग सोमवारी कॅन्टीनमध्ये रील फिरतं. खिडकीतून अर्धा बाहेर लटकलेला लॅब्रॅडॉर, कान वाऱ्यावर, मागे कुठलंतरी गाणं. "बघ ना, कसला एन्जॉय करतोय!"

तो एन्जॉय करतोय की नाही ते नंतर बघू. आधी बारावीचं फिजिक्स. गाडी ताशी ८० किलोमीटरने चाललीये आणि समोरच्या डंपरला ठोकली. गाडी थांबते. मागच्या सीटवर मोकळा उभा असलेला ३० किलोचा कुत्रा थांबत नाही, तो ताशी ८० नेच पुढे येतो. २५ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण आठव्या मजल्यावरून खाली पडलेल्या वस्तूचा जमिनीवर आपटताना एवढा वेग असतो. आणि मध्ये काय आहे? तुमचं डोकं. स्वतः मात्र आपण पट्टा लावतो, कारण १००० रुपये दंड आहे आणि हल्ली कॅमेरे आहेत! मांडीवर पामेरियन घेऊन गाडी चालवणाऱ्या महाभागांबद्दल तर न बोललेलंच बरं.

पण खरा राग येतो तो गाडी थांबल्यावर. माणगावच्या आसपास मिसळीची आठवण होते. हॉटेलवाला कुत्र्याला आत घेत नाही (त्याचं काही चुकत नाही). मग काय, काच दोन बोटं खाली करायची आणि साहेबांना गाडीत ठेवून जायचं. "पाचच मिनिटं हो!" मिसळ पाच मिनिटांत येते तरी का?

गेल्या मे महिन्यात अशाच एका गाडीत मी एक पग पाहिला. जीभ पूर्ण बाहेर, लाळेच्या तारा, उभंही राहवत नव्हतं त्याला. मालकाला शोधून आणलं तर तो माझ्यावरच उखडला, "तुम्हाला काय करायचंय?" बायको समंजस होती. अंगावर पाणी मारलं, एसी लावला, सावरला बिचारा. पण अजून एक चहा झाला असता तर?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ साली मोजून दाखवलंय. बाहेर २२ ते ३६ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आता यात आपला मे महिना घाला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. (एकच फॅन असलेला लॅपटॉप तुम्ही रजईत गुंडाळून ठेवलाय असं समजा.) पगचं नाक चपटं, म्हणजे त्याचा फॅनही अर्धाच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात, मग आतले अवयव निकामी व्हायला लागतात.

कायदा आहे म्हणे. आहे ना! १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. जनावराला विनाकारण त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं हा त्यात गुन्हा आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात मिसळसुद्धा येत नाही.

"मग काय आम्ही कुठे जायचंच नाही का?" हा प्रश्न येणारच. जा की! पण कुत्र्याला प्रवासी समजून न्या. छातीवरून बसणारा हार्नेस मिळतो, तो सीटबेल्टला अडकवा. नुसता गळपट्टा अडकवू नका, झटका मानेला बसतो. नाहीतर घट्ट बांधलेला क्रेट. पोटभर खायला घालून ताम्हिणीत शिरू नका, विशेषतः पिल्लू असेल तर. ते ओकणार आणि तुम्ही त्याच्यावरच ओरडणार. पहाटे निघा, दोन तासांनी थांबा, पाणी द्या. दार उघडायच्या आधी साखळी हातात हवी. आणि जेवायला पाळीपाळीने जा. एवढं जमत नसेल तर आलेपाक खात तुम्हीच घाट बघा, त्याला ठेवा एखाद्या ओळखीच्या घरी.

मांजरवाल्यांसाठी मात्र माझ्याकडे सवलत नाही. घर बदलायचं असेल किंवा डॉक्टरकडे जायचं असेल तर बंद पिंजऱ्यातून न्या, नाईलाज आहे. पण सहलीला? मांजराला गुहागरचा समुद्र बघायचा नसतो, त्याला आपली खिडकी आणि आपलं कपाट हवं असतं. गाडीत मोकळं सोडलं तर घाबरून ते नेमकं ब्रेकच्या खाली जाऊन बसू शकतं. ताणाने बोक्यांची लघवी अडते, आणि ते दुखणं वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं. कोकणातल्या होमस्टेत रविवारी रात्री कुठला डॉक्टर शोधणार आहात? त्यापेक्षा किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, खाण्याचा डबा आणि रेतीचा ट्रे दाखवून ठेवा आणि येताना त्यांच्यासाठी कोकम सरबताची बाटली आणा.