चढणं आणि पोचणं

गेल्या सप्टेंबरात लेकीकडे जिनिव्हाला होते. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, शामोनीला जाऊ या. तिथून रोपवेने एग्वी द्यू मिदीवर जाता येतं." मी म्हटलं, "रोपवेने? बाबांना आवडलं नसतं हो!"

आमच्या ह्यांचं ठाम मत, डोंगर पायांनीच बघायचा. १९९६ साली रायगडाला रोपवे झाला तेव्हा "गडाला लिफ्ट लावली" म्हणून केवढे चिडले होते! पुढे गुडघे गेले. मी दोनदा म्हटलं, पाळण्यातून जाऊन येऊ. "तसं नको," म्हणाले. शेवटची दहा वर्षं रायगडाचं दर्शन नाही, आणि तसेच गेले.

हे सगळं मनात घेऊनच पाळण्यात शिरले. आत एस्टीतल्यासारखी माणसं उभी. शामोनी १०३५ मीटरवर, वरचं स्टेशन ३७७७ मीटरवर. मध्ये एकदा पाळणा बदलायचा. दुसऱ्या टप्प्यात वाटेत एकही खांब नाही, सगळा भार तारांवर! एक पाळणा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. १९५५ पासून हे चाललंय. वीसेक मिनिटांत आम्ही वर.

चार पायऱ्या चढले नि धाप लागली. इतक्या उंचावर श्वासागणिक प्राणवायू समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच मिळतो. तिकीट काढलं तरी शरीराला सूट नाही! समोर माँ ब्लां. १७८६ साली जाक बाल्मा आणि डॉक्टर पाकार त्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले, ते पायांनी. मी कठडा धरून बघत राहिले. डोळ्यांना पाणी आलं... वाऱ्याने म्हणा हवं तर.

प्रत्येक सुळक्यावर तार नेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण कष्टाशिवाय झालेलं दर्शन खोटं, हा हट्ट तरण्या पायांचा. आपण कसे आलो याचं डोंगराला काही सोयरसुतक नसतं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. 'चढणं' आणि 'पोचणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. मी चढले नाही, पोचले. एवढं प्रामाणिकपणे कबूल केलं की पाळण्यात बसायला लाज कसली?

हे ह्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही. वाद अर्धाच राहिला. तुमच्याही घरात असं कोणी हट्टी असेल, तर माझ्यासारखं दोनदा विचारून गप्प बसू नका. तिसऱ्यांदा विचारा.