पॉइंट आमचे, मर्जी कंपनीची

विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनांना बक्षीस म्हणणं आता बंद करायला हवं. ही उधारी आहे. तिकिटाचे पैसे आपण आधीच मोजलेले असतात. त्यातला काही भाग कंपनी पुढच्या प्रवासासाठी आपल्या नावावर मांडून ठेवते आणि द्यायची वेळ आली की हिशेब स्वतःच्या सोयीने फिरवते. बहुतेक योजनांच्या अटी काढून वाचा. पॉइंट सदस्याच्या मालकीचे नाहीत, कंपनी ते केव्हाही कमी किंवा रद्द करू शकते, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं.

मग कर्ज काढताना याच पॉइंटांना सोन्याचा भाव कसा येतो? 2020 मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर आली तेव्हा अमेरिकेच्या युनायटेडने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. योजनेची किंमत कंपनीनेच सुमारे 22 अब्ज डॉलर लावली होती. शेअर बाजारात त्या वेळी अख्ख्या युनायटेडची किंमत त्याहून कमी होती! क्रेडिट कार्डांवर वाटण्यासाठी बँका हे पॉइंट कंपनीकडून रोख मोजून घाऊक घेतात, तिथून हा पैसा येतो. सावकारासमोर अब्जावधींची मालमत्ता आणि प्रवाशासमोर हात वर. हा धडधडीत दुटप्पीपणा आहे.

आपल्याकडेही हे घडलं. 2012 मध्ये किंगफिशरची उड्डाणं थांबली आणि ‘किंग क्लब’चे माइल्स मातीमोल झाले. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, पण जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीत होती. ती त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ नावाने पुन्हा बाजारात उभी राहिली.

यात सर्वांत जास्त मार बसतो तो क्वचित उडणाऱ्यांना. माझी पुण्याची मावशी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाऊन आली, आणि दुसऱ्या नातवाच्या वेळी तिने जुने पॉइंट वापरायचं ठरवलं. खात्यात शून्य. मुदत संपली होती. कॉल सेंटरच्या मुलीने तिला तेच वाक्य दोनदा ऐकवलं, “मॅडम, तुम्हाला ईमेल गेला होता.” मावशी ईमेल बघत नाही, हे खातं उघडताना तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि पॉइंट शिल्लक असले तरी काय? दिवाळीत किंवा मे महिन्यात शोधा: पॉइंटांवर एकही जागा नाही, रोखीने त्याच विमानात हव्या तेवढ्या. चुकून मिळालीच, तर ‘फुकट’ तिकिटाखाली कर आणि अधिभाराचे काही हजार रुपये असतात.

दाद मागायलाही फारशी जागा नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्ट या विमान कंपनीने एका ज्यू धर्मगुरूंचं वरच्या श्रेणीचं सदस्यत्व काढून घेतलं, कारण काय, तर ते फार तक्रारी करतात. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या विमानसेवा कायद्यावर बोट ठेवून त्यांचा दावा एकमताने फेटाळला. तरीही सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून पॉइंटांच्या घसरत्या किमतीचा हिशेब मागवला. आपलं विमान वाहतूक नियामक डीजीसीए, विमान रद्द झालं तर काय द्यायचं याचे नियम करतं. पॉइंटांचेही त्याने करावेत. प्रवाशाने कमावलेला पॉइंट मुदतीच्या नावाखाली बुडवता कामा नये. तिकिटाचा पॉइंटांमधला दर वाढवायचा असेल तर सहा महिने आधी जाहीर करा, आणि जुन्या पॉइंटांना जुनाच दर लावा. कंपनी बुडाली तर पॉइंटधारकाचं नाव घेणेकऱ्यांच्या यादीत आलं पाहिजे.

तोवर वाचकहो, पॉइंट साठवत बसू नका. मिळाले की वापरून टाका. दोन हजारांनी महाग तिकीट केवळ पॉइंटांसाठी घेऊ नका, आणि कोणी ते बुडवले तर गप्प न बसता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा.