लव्हाळा : प्रतिमा आणि वनस्पती

नीचपणाची महती सांगणाऱ्या तुकोबांच्या अभंगातील महापूर आणि लव्हाळा यांचा दृष्टान्त मराठीत म्हणीसारखा रुळला आहे. अध्यापनात त्याचा अर्थ बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : ताठ उभे राहणारे उन्मळते, वाकणारे वाचते. लव्हाळ्याविषयी ‘एक प्रकारचे गवत’ एवढी टीप पुरेशी मानली जाते. ही टीप वनस्पतिशास्त्रदृष्ट्या चुकीची आहेच. परंतु तिच्यामुळे प्रतिमेचा निम्मा आशय हरवतो, हे अधिक गंभीर आहे.

लव्हाळा हे गवत नव्हे. नदीकाठी, पाणथळीत आणि शेतातही वाढणारी ही मोथ्याच्या कुलातील वनस्पती. गवताची काडी सामान्यतः गोल व पोकळ असते. लव्हाळ्याची तिधारी व भरीव. तिचे खरे बळ मात्र जमिनीखाली असते. आडव्या खोडांनी जोडलेल्या गाठींची साखळी मातीत पसरते. वरचा भाग उपटला तरी गाठी मागे उरतात. नांगराने साखळी तुटली, तर सुट्या गाठींना स्वतंत्र कोंब फुटतात. होल्म व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातील उपद्रवी तणांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिले स्थान याच वनस्पतीला दिले. हरळी आणि कुंद्याच्या जोडीने लव्हाळ्याचे नाव घेताना शेतकऱ्याला आठवतो तो त्याचा चिवटपणा, नम्रता नव्हे.

अभंगात मुळांचा उल्लेख नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु इंद्रायणीकाठच्या देहूत कुणबी घरात वाढलेल्या कवीला आणि त्याच्या श्रोत्यांना तो वेगळा करण्याची गरज नव्हती. शिवाय अभंगाचा शेवट पराभवाच्या स्वीकारात होत नाही. नम्रतेपुढे बलवंताचा जोर निकामी ठरतो, हे मर्म तो उघड करतो.

म्हणूनच या दृष्टान्ताचा वापर दुर्बळांना निमूट वाकण्याचा उपदेश करण्यासाठी होतो, तेव्हा तुकोबांवर अन्याय होतो. ज्याने खाली घट्ट धरून ठेवले आहे, त्यालाच वर वाकणे परवडते. मुळे नसलेले वाकले तरी वाहूनच जाते. संतकाव्याच्या अध्यापकाने एकदा तरी विद्यार्थ्यांसमोर लव्हाळा मुळासकट उपटून पाहावा. तो सहसा मुळासकट निघत नाही, हाच त्या दृष्टान्तावरील सर्वांत अचूक भाष्य ठरावा असा अनुभव आहे.