तबकडी रंगवू नका!

मंडळी, घरात आजोबांचं जुनं एचएमटी सापडलं की आपण पहिलं काय करतो? तबकडी रंगवून आणतो. माझं स्पष्ट मत आहे, नका रंगवू!

घड्याळ ओळखायचं तर कारागिराकडून मागचं झाकण उघडून घ्यावं. 'जनता'त बॅलन्स व्हीलपाशी बहुधा ०२३१ हा आकडा दिसतो. चावीचं, १७ ज्वेलचं मशीन, मूळ घडण जपानच्या सिटिझनची. त्यांच्याच सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोरला एचएमटीची घड्याळं सुरू झाली.

गंमत म्हणजे हेच मशीन 'पायलट'मध्येही सापडतं! म्हणजे मशीनवरून घराणं कळतं, पण नाव तबकडीवरच असतं. म्हणून तर 'जनता'ची तबकडी काळी रंगवून 'पायलट' म्हणून विकणाऱ्यांचं फावतं. अक्षरं जाडी, मिनिटांच्या रेघा वाकड्या आणि पन्नास वर्षांच्या घड्याळावर एक डाग नाही... समजून जा.

२०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या कारखान्याची तबकडी एकदा खरवडली की गेली. तेव्हा साफसफाई करा, काच बदला, पट्टा नवा घाला. ते पिवळे डाग मात्र राहू द्यात.

असो. तुमच्या घरी कुठलं निघालं, जरूर कळवा.