ग्रामसभा गेली, जाब विचारण्याचा हक्क जाऊ नये

अकलूजची ग्रामपंचायत २०२१ साली संपुष्टात आली आणि तिच्या जागी नगरपरिषद आली. या बदलासाठी नागरिकांनी आंदोलन केले होते आणि शहराचा वाढता पसारा पाहता त्यांची मागणी रास्तच होती. परंतु या स्थित्यंतरात एक मोलाची गोष्ट अकलूजकरांच्या हातून निसटली. ती म्हणजे ग्रामसभा. आज तिचाच विचार आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेस दिलेला अधिकार सामान्य नव्हे. आर्थिक वर्षातील पहिल्या सभेत गतवर्षीचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षकांचे आक्षेप आणि त्यांस दिलेली उत्तरे मतदारांपुढे ठेवणे पंचायतीस भागच असते. अमक्या गटाराचा पैसा कोठे गेला, असे कोणीही मतदार उभा राहून विचारू शकतो. पुष्कळ ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात आणि काही तर केवळ कागदावर भरतात, हे आम्ही जाणतो. तरीही न बजावलेला हक्क आणि नसलेला हक्क यांत महदंतर आहे.

नगरपरिषदांचा अधिनियम १९६५ चा. त्यात वार्षिक प्रशासन अहवाल आहे, लेखापरीक्षा आहे. ग्रामसभा मात्र नाही. सभागृहात प्रश्न विचारावयाचा तो नगरसेवकाने. नागरिक फार तर प्रेक्षक. त्यातच आरंभीची वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिल्याने नगरसेवकही नव्हते. काम करणारा आणि कामाचा आढावा घेणारा एकच! विद्यार्थ्याने आपलीच उत्तरपत्रिका तपासून प्रगतिपुस्तकात गुण भरावेत, तसा हा प्रकार झाला. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. दोष पद्धतीचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. तेव्हा लोकप्रतिनिधी नाहीत, ही सबब आता उरलेली नाही.

आढावा घ्यावयाचा तर मोजावयाचे काय, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर केंद्र सरकारने २००८ सालीच देऊन ठेवले आहे. पाणीपुरवठा, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी तेव्हा मानके ठरविण्यात आली. माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे, पाण्याविषयीच्या ८० टक्के तक्रारींचे निवारण २४ तासांत व्हावे, अशी ती मानके आहेत. मोजपट्टी तयार आहे. ती लावून आलेला आकडा लोकांना दाखविण्याची इच्छा तेवढी हवी.

अकलूज परिसराला तर मोजमाप नवे नाही. गळीत हंगामात साखर कारखाना रोजचे गाळप आणि रोजचा उतारा मोजतो. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तरी ऊस उत्पादक कारण विचारतो, कारण त्याच्या उसाचा दर त्यावर अवलंबून असतो. उसाच्या वजनाविषयी इतका जागरूक असणारा माणूस नळाच्या पाण्याविषयी उदासीन का असावा? पाण्याचा आकडा त्याच्यापुढे येतच नाही, हेच त्याचे कारण होय.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे महापौर मार्टिन ओमॅली यांनी २००० साली खातेप्रमुखांना ठराविक दिवसांनी समोर बसवून त्यांच्याच खात्याच्या आकड्यांवरून प्रश्न विचारण्याची प्रथा पाडली. या प्रथेचे सारे बळ नियमितपणात होते. पुढची बैठक कधी आहे, हे ठाऊक असले की काम रेंगाळत नाही.

अकलूज नगरपरिषदेने असाच एक ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे परिचित दिवस. त्या दिवशी प्रत्येक प्रभागात फलक लागावा. पाणी किती दिवसांआड आणि किती वेळ आले, तक्रारी किती आल्या व किती मिटल्या, मंजूर कामांपैकी किती पुरी झाली, कर किती वसूल झाला, एवढे त्यावर असले तरी पुरे. त्यानंतर आठवड्याभरात प्रभागाची सभा भरावी आणि तेथे मुख्याधिकारी व नगरसेवक यांनी नागरिकांच्या प्रश्नांस उत्तरे द्यावीत. कायद्याने हे बंधनकारक नसले, तरी निषिद्धही नाही.

आकडे खोटे लिहिले जातील, ही भीती अनाठायी नाही. परंतु शहराची एकंदर सरासरी तपासणे नागरिकास अशक्य असते. आपल्या गल्लीत पाणी केव्हा आले, हे मात्र हंडा घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीस कोणी सांगावे लागत नाही. म्हणूनच हिशेब प्रभागवार हवा. नागरिकांनीही घरपट्टी व पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि सभेस हजर राहावे. रिकाम्या सभामंडपास कोणताही अधिकारी भीत नाही.

ग्रामपंचायतीची नगरपरिषद होताना गावाचा दर्जा वाढला. त्या वाढलेल्या दर्जात नागरिकाचा अधिकार घटणार असेल, तर ती बढती केवळ पाटी बदलण्यापुरतीच ठरेल.